वसईला रिस्पॉन नव्हता

क्लॅश ऑफ क्लॅन्समध्ये समोरच्याचा किल्ला फोडायला तीन मिनिटं मिळतात. चिमाजीअप्पांना वसईचा किल्ला फोडायला फेब्रुवारी 1739 ते मे 1739 असे तीन महिने लागले. त्याआधीची खटपट धरली तर दोन वर्षांहून जास्त. 2025 च्या आधी गेममध्ये हल्ला फसला तर सैन्य पुन्हा ट्रेनिंगला टाकावं लागायचं, तोवर चहा घ्यायचा. वसईत हल्ला फसला की माणसं तटाखालीच राहायची.

आजचा विषय थोडा वेगळा आहे. पेट किंवा नेट-सेटची तयारी करणारे बरेच जण विचारतात की मॉडेल म्हणजे नेमकं काय आणि त्यातली गृहीतकं कशी ओळखायची. पुस्तकी व्याख्या सांगून झोप येते, म्हणून मी उदाहरण बदललं. व्हिडिओ गेम हे युद्धाचं मॉडेलच असतं. प्रत्येक मॉडेल काहीतरी ठेवतं आणि बरंच काही टाकून देतं. टाकलेलं काय आहे, हे दिसायला लागलं की अर्धं संशोधन जमलं म्हणून समजा. आणि दिसायला लागण्याचा सोपा मार्ग म्हणजे गेम आणि खरी लढाई शेजारी-शेजारी ठेवून बघणं. माझं शिक्षण विज्ञानाचं, त्यामुळे मधेमधे न्यूटन डोकावेल, सांभाळून घ्या.

एक खुलासा आधीच करते. 1739 ला मध्ययुग म्हणायचं का? आपल्या सातवीच्या पुस्तकाच्या हिशेबानं हा सगळा मराठा काळ मध्ययुगीन भारतात येतो. व्यावसायिक इतिहासकारांपैकी अनेक जण त्याला आरंभीचा आधुनिक काळ म्हणतील. दोन्ही पाट्या माणसांनीच लावलेल्या आहेत. ज्यांनी तो काळ जगला त्यांना आपण कुठल्या युगात आहोत याची कल्पना नव्हती. प्रबंधात मात्र कुठली पाटी वापरताय आणि का, हे पहिल्या प्रकरणात सांगावं लागतं. हा झाला पहिला धडा, तोही फुकट.

नकाशा: धुकं हटवायला माणूस पाठवावा लागतो

गेममध्ये नकाशा कोपऱ्यात गोल फिरत असतो, शत्रू लाल ठिपका बनून दिसतो. आता आपला नकाशा बघा. वांद्र्यापासून दहिसरपर्यंत आणि कुर्ल्यापासून मुलुंडच्याही पुढे ठाण्यापर्यंत पसरलेलं साष्टी बेट. उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची खाडी, पश्चिमेला समुद्र. खाडीपलीकडे वसई. गुजरातच्या बहादूरशाहानं 1534 च्या तहात हा मुलूख पोर्तुगीजांना दिला आणि पुढची दोनशे वर्षं तो त्यांच्याकडे होता. मुंबई बेट तेवढं इंग्रजांकडे गेलं, साष्टी नाही.

वसईचा किल्ला तीन बाजूंनी पाण्यानं वेढलेला. म्हणजे सरळ जाऊन दरवाजा ठोठावण्यात अर्थ नव्हता. समुद्रातून आणि खाडीतून रसद येत राहणार. म्हणून मराठ्यांनी आधी मार्च 1737 मध्ये ठाणं घेतलं. तिथला किल्ला तेव्हा अजून बांधूनही पुरा झाला नव्हता. आज त्याच किल्ल्यात ठाणे मध्यवर्ती कारागृह आहे, त्यामुळे 'आत जाऊन बघू' असं म्हणताना जपून. मग घोडबंदर, पुढे वेसावे, आणि वसईच्या समोर खाडीपलीकडची धारावी. ही धारावी सायनजवळची नव्हे, भाईंदर-उत्तनकडची. अंधेरीचा माणूस गोंधळतो म्हणून स्पष्ट केलं.

आज अंधेरीहून विरार लोकल पकडली की पाऊण तासाच्या आसपास वसई रोड येतं, तेही आपल्याला जास्त वाटतं. तेव्हा याच अंतरात खाडी ओलांडायला होड्या, भरतीची वेळ, खाजणातला चिखल आणि समोरच्या काठावरच्या तोफा असा सगळा हिशेब होता. गेममध्ये सैन्य पाण्याशी आलं की होडी आपोआप उगवते. इथे होडी कोणाची, ती चालवणार कोण, आणि परतीला ती जागेवर असेल का, हे तीन स्वतंत्र प्रश्न होते.

आणि मोहीम एका दमात झाली नाही. 1737 च्या अखेरीस बाजीराव भोपाळला निजामाशी गुंतले, तेव्हा स्वतः चिमाजीअप्पा निजामाच्या मुलाला, नासिरजंगाला, अडवायला खानदेशाकडे गेले. वसईचं काम रेंगाळलं. 1738 च्या अखेरीस पोर्तुगीजांनी ठाणं परत घ्यायचा प्रयत्न केला. त्यात त्यांचा सेनापती पेद्रो द मेलो मारला गेला. गेममध्ये एक मिशन संपल्याशिवाय दुसरं उघडत नाही. पेशव्यांना सगळी मिशनं एकाच वेळी उघडी होती, आणि 'पॉज'चं बटण कोणाकडेच नव्हतं.

घोडा: फुकट मिळत नाही, पाणीही पितो

गेममधला घोडा शिट्टी मारली की येतो. दमत नाही, खात नाही, आणि मेला तर दुसरा येतो.

खऱ्या घोड्याचा हिशेब करू. काम करणारा घोडा मुंबईच्या उन्हाळ्यात दिवसाला सहज तीस लिटर पाणी पितो आणि दहा किलोच्या आसपास सुका चारा खातो. आता कल्पना करा, दहा हजार घोडे आहेत. (वसईला नेमके इतकेच होते असं मी म्हणत नाही, गणित सोपं जावं म्हणून घेतलेला आकडा आहे.) पाणी झालं रोज तीन लाख लिटर. उपनगरातल्या भाषेत सांगायचं तर दहा हजार लिटरचे तीस टँकर. रोज. एप्रिल-मेमध्ये आपल्या सोसायटीत एक टँकर उशिरा आला तर सेक्रेटरीची काय अवस्था होते, ते आठवा आणि तीसनं गुणा. चारा झाला शंभर टन. तोही रोज. आणि चारा वाहून आणणारे बैलही चारा खातात! वाट लांबली की बैल जे घेऊन निघाले त्यातलं बरंचसं वाटेतच संपतं. म्हणून सैन्य एका जागी फार दिवस बसलं की आजूबाजूचा मुलूख बोडका होतो. वेढा घालणं म्हणजे समोरच्याला उपाशी ठेवण्याची स्पर्धा, आणि त्यात आपण आधी उपाशी पडू शकतो.

आता पैशाची बाजू. मराठी फौजेत घोडेस्वार मुख्यतः दोन प्रकारचे. बारगीर म्हणजे ज्याला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळतं तो. शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारं घेऊन येणारा. शिलेदाराच्या जागी स्वतःला ठेवून बघा. घोडा ही तुमची सगळी जमापुंजी. तो मेला तर तुमची नोकरीही गेली. आजच्या भाषेत, कर्ज काढून रिक्षा घेतलेला माणूस. त्याला कोणी सांगितलं की समोरच्या तोफांवर सरळ रिक्षा घाल, तर तो दोनदा विचार करेल ना? गेममधले स्वार जोशात भाल्यांच्या भिंतीवर आदळतात, कारण त्यांच्यावर हप्ता नसतो. मराठ्यांच्या गनिमी काव्यामागे भूगोल होता, धोरण होतं, तसंच हे साधं अर्थशास्त्रही होतं.

सरदारांचंही तेच. बाजीराव आणि चिमाजीअप्पांच्या मोहिमा बऱ्याच अंशी कर्जावर चालल्या. धावडशीचे ब्रह्मेंद्रस्वामी हे त्यांचे गुरू, आणि सावकारही. पत्रव्यवहारात आशीर्वाद आणि देणं यांचा हिशेब शेजारी-शेजारी चालतो. पलीकडे पोर्तुगीजांचीही तीच गत. त्यांनी मुंबईच्या इंग्रजांकडे मदत मागितली. इंग्रजांनी थोडे पैसे दिले, पण तारण ठेवून. गेममध्ये तिजोरी फोडली की सोन्याची नाणी उडतात आणि 'टिंग' असा आवाज येतो. खऱ्या युद्धात आवाज यायचा तो सावकाराच्या दारावरच्या थापेचा.

हेडशॉट: भौतिकशास्त्राची हरकत

बीजीएमआयमध्ये तीनशे मीटरवरून हेडशॉट मारणारे वीर घाटकोपरच्या प्रत्येक गल्लीत आहेत. त्यांच्या हातात तोड्याची बंदूक देऊ.

तोडा म्हणजे सतत धुमसत ठेवलेली सुती वात. तिनं दारू पेटायची. (जुन्या कागदांत 'दारू' वाचली की आधी बंदुकीची दारू समजा. 'दारू कमी पडली, तातडीने पाठवणे' हे वाचून नवखा संशोधक भलतंच अनुमान काढू शकतो.) नळीच्या आत आटे नाहीत, गोळी नळीपेक्षा किंचित लहान. म्हणजे गोळी आतल्या आत टपटप आपटत बाहेर येते आणि शेवटचा टप्पा ज्या बाजूला पडला त्याप्रमाणे स्वतःभोवती फिरत, वाकडी जाते. क्रिकेटमध्ये चेंडू हवेत वळतो ना, तसलाच प्रकार, फक्त इथे गोलंदाजाचा काही ताबा नाही. शंभर मीटरच्या पुढे एका माणसाला नेम धरून मारणं हा मुख्यतः नशिबाचा भाग. शिवाय प्रत्येक बारानंतर दारू भरा, गोळी घाला, ठासा, वात सरळ करा. तोवर गेममधली एक मॅच संपते.

अंधारात लपून जाण्याचा तर प्रश्नच नाही. पेटलेला तोडा रात्री लाल ठिपक्यासारखा दिसतो. म्हणजे शत्रूला तुमचा लाल ठिपका खरोखरच दिसायचा, त्यासाठी मिनीमॅपची गरज नव्हती! आणि हवा दमट असली, वात विझली, की हातात उरते ती एक जड काठी.

तोफेचं गणित आणखी मजेशीर. अकरा किलोचा लोखंडी गोळा सेकंदाला 400 मीटर वेगानं सुटला तर त्याची गतिज ऊर्जा होते सुमारे 880 किलोज्यूल. दीड टनाची मोटार वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर ताशी सव्वाशे किलोमीटरच्या जरा कमी वेगानं धावली (कल्पना करायला काय जातं), तर तिच्यात साधारण तेवढी ऊर्जा असते. ऐकायला भयंकर आहे, पण जाड दगडी तटाला असे दोन-चार धक्के बसून काही होत नाही. त्याच जागी पुन्हा पुन्हा मारावं लागतं, आणि तोफ त्याच जागी पुन्हा पुन्हा मारेल याची खात्री नसते. गेममध्ये भिंतीला हेल्थ बार असतो. प्रत्येक गोळा, कुठेही लागो, थोडी हेल्थ कमी करतो, आणि शून्य झाली की अख्खी भिंत एकदम गडप. खऱ्या तटाला हेल्थ बार नसतो. तो पडला तरी दगडांचा ढीग उरतो, आणि चढायचं त्या ढिगावरूनच, वरून गोळ्या येत असताना.

सुरुंग: फ्रेंडली फायर कायम चालू

म्हणूनच वसईत निकाल लागला तो सुरुंगांनी. तोफ उडवताना दारूतली बहुतेक ऊर्जा धूर, आवाज आणि उष्णता यांत जाते, गोळ्याच्या वाट्याला छोटा हिस्सा येतो. तीच दारू तटाच्या पायाखाली कोंडून उडवली तर ती थेट तटावर काम करते. हे कळायला न्यूटन लागत नाही, बेलदार लागतात.

वसईच्या उत्तरेला, जमिनीच्या बाजूला, वाळूच्या पट्ट्यातून मोर्चे पुढे सरकवत न्यायचे, तटापर्यंत पोचायचं, मग खाली खणायचं. खणणाऱ्याच्या डोक्यावर शत्रू. वरून दगड, गोळे, पेटतं सामान. खणताना सरळ उभं राहता येत नाही, हवा नाही, उजेड हवा तर दिवा हवा, आणि दिव्याशेजारी दारूची पोती! क्लॅश ऑफ क्लॅन्समधला वॉल ब्रेकर, तो बॉम्ब घेऊन धावणारा सांगाडा, आठवला असेल. त्याचं काम दोन सेकंदांत होतं. इथे ते आठवडे चाललं. आणि या कामात मेलेल्या बेलदारांची नावं आपल्याला सरदारांच्या नावांसारखी पाठ नाहीत.

मेच्या मध्यात सेंट सेबॅस्टियन बुरुजाच्या बाजूचे सुरुंग पेटवले. काही उडाले, खिंडार पडलं, मराठे आत धावले. आणि मग उशिरानं आणखी सुरुंग उडाले, धावणाऱ्यांच्या खालीच. स्वतःच्याच सुरुंगानं स्वतःची माणसं गेली. बहुतेक गेममध्ये फ्रेंडली फायर बंद ठेवायची सोय असते. वातीची लांबी, दारूचा ओलावा, पेटवणाऱ्याच्या हाताची थरथर या गोष्टी सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येत नाहीत.

तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा हल्ला झाला. आत पोर्तुगीजही चिवटपणे लढत होते. त्यांचा आधीचा सेनापती वेढ्यातच मारला गेला होता.

मेडकिट: सहा सेकंदांचा चमत्कार

बीजीएमआयमध्ये प्रथमोपचार पेटी सहा सेकंदांत काम करते. मेडकिट जरा जास्त घेतं, पण पूर्ण बरं करतं. छातीत चार गोळ्या लागल्या तरी माणूस बसून पट्टी गुंडाळतो आणि उडी मारून पळतो.

पेनिसिलीनचा शोध 1928 चा, आणि ते सैनिकांपर्यंत पोचलं 1940 च्या दशकात. 1739 मध्ये गोळीसोबत अंगरख्याची चिंधी जखमेत गेली, तर गोळीपेक्षा ती चिंधी मारायची. हाड फुटलं तर हात किंवा पाय वाचण्याची आशा कमी. त्यातून हजारो माणसं तीन महिने एका जागी, पाणी मर्यादित, शौचाची जागा जवळच. त्या काळात जगभर सैन्यं तलवारीपेक्षा हगवण आणि तापानं जास्त खपली आहेत. पण 'हगवण' नावाची लेव्हल कोणी डिझाइन करत नाही. खेळणार कोण?

या जागी एक आकडा. ग्रँट डफनं 1826 च्या इतिहासग्रंथात वसईच्या वेढ्यात पोर्तुगीजांचं नुकसान आठशे आणि मराठ्यांचं पाच हजारांवर असं दिलं आहे. हा आकडा तुम्हाला शंभर ठिकाणी दिसेल, कधी 'मारले गेले' म्हणून, कधी 'कामी आले' म्हणून. वापरण्याआधी तीन प्रश्न विचारा. यात फक्त मृत आहेत की जखमीही? फक्त या तीन महिन्यांतले की सगळ्या मोहिमेतले? आणि बेलदार, हमाल, बाजारबुणगे मोजले आहेत की नाही? गेममध्ये शेवटी 'किल्स' आणि 'डेथ्स' असा नीट तक्ता येतो, कारण मोजणारं यंत्र तटस्थ असतं. खऱ्या युद्धात मोजणारा माणूस कोणत्या तरी बाजूचा असतो.

माळी घाटकोपरची असो की मुलुंडची, गेम खेळून वाढलेल्या कोणाही संशोधकाला हा तक्ता इतका सवयीचा असतो की छापील आकडाही तसाच तटस्थ वाटतो. सावध राहा.

खरा बॉस: मृगाचा पाऊस

गेममध्ये पाऊस म्हणजे ग्राफिक्स. थेंब छान दिसतात, डबक्यात प्रतिबिंब पडतं, आणि तलवार तशीच चालते.

आपल्याकडे मोहिमांचं वेळापत्रक पाऊस ठरवायचा. दसऱ्याला सीमोल्लंघन, म्हणजे पाऊस संपला, नद्या उतरल्या, पिकं हातात आली, आता निघा. मृग जवळ आला की छावणीला परत. वसईचा वेढा या चौकटीत ठेवून बघा. 1739 च्या जानेवारीत माहीम (हे केळवे-माहीम, दादरशेजारचं नाही), मग तारापूर. तारापूरच्या हल्ल्यात बाजी भिवराव रेठरेकर पडले. फेब्रुवारीत वसईला वेढा. मेच्या मध्यापर्यंत निकाल लागला नाही तर जूनमध्ये मोर्च्यांत पाणी, दारू ओली, तोडे विझलेले, खाडी फुगलेली, आणि किल्ल्यातल्यांना चार महिन्यांची उसंत. त्या शेवटच्या हल्ल्यांमधली घाई आणि माणसांची बेफिकीर किंमत समजून घ्यायची असेल तर पंचांग शेजारी ठेवावं लागतं. माझं डोकं तरी तोफेतून किल्ल्यात उडवा, असं चिमाजीअप्पा म्हणाल्याची आख्यायिका सगळ्यांना ठाऊक आहे. कटसीनला उत्तम आहे. पण त्यामागचं घड्याळ पावसाचं होतं, ते कटसीनमध्ये येत नाही.

एक कोडं: किल्ला पडला कधी?

हे खास संशोधनाच्या तयारीवाल्यांसाठी. एका पुस्तकात वसईच्या शरणागतीची तारीख 5 मे 1739 मिळते, दुसऱ्यात 16 मे. चूक कोणाची?

दोघांचीही नाही. पोर्तुगीजांनी 1582 पासून ग्रेगोरियन कालगणना घेतली होती. इंग्रज मात्र 1752 पर्यंत जुन्या ज्युलियन पद्धतीला चिकटून होते, आणि अठराव्या शतकात दोन्हींत 11 दिवसांचा फरक होता. मुंबईच्या इंग्रजाला 5 मे, वसईच्या पोर्तुगीजाला 16 मे, दिवस एकच. मधे फक्त माहीमची खाडी आणि साष्टी. मराठी कागदात तिसरंच: सुहूर सन, तोही अरबी शब्दांत. 'तिसा सलासैन मया व अलफ' म्हणजे 9 अधिक 30 अधिक 100 अधिक 1000, एकूण 1139. हे वर्ष मृगाला सुरू होतं, म्हणून मे महिन्यासाठी त्यात 600 मिळवायचे आणि जूननंतरच्या तारखांसाठी 599. आले ना 1739 वर?

पेशवे दफ्तरातले निवडक कागद गो. स. सरदेसायांनी 1930 च्या दशकात 45 खंडांत छापून घेतले. त्यांतली पत्रं वाचताना हा हिशेब रोज करावा लागतो. सर्व्हरच्या घड्याळाला सगळे खेळाडू बांधलेले असतात. इथे तीन सर्व्हर होते आणि तिन्ही वेगवेगळ्या वेळेवर.

गेम ओव्हर नंतर

गेममध्ये शेवट म्हणजे समोरचे सगळे संपणं. वसईचा शेवट कागदावर झाला. कायतानो द सौझा पेरैरा या पोर्तुगीज सेनापतीनं तह केला. शिबंदीला हत्यारांसह, नगारे वाजवत बाहेर पडू दिलं. निघायला आठवडाभराची मुदत मिळाली. ज्यांना जायचं त्यांना चीजवस्तू घेऊन जाता आलं. ज्यांनी आपली हजारो माणसं गमावली होती, ज्यांच्या हातात आता सगळं होतं, त्यांनी हे मान्य केलं आणि पाळलं. तीन महिन्यांच्या रागानंतर हे कसं शक्य झालं, हा मला सगळ्या मोहिमेतला सर्वांत अवघड प्रश्न वाटतो. पाऊस जवळ आला होता हे एक उत्तर. पुढच्या किल्ल्यातला माणूस शरण यावा असं वाटत असेल तर या किल्ल्यातल्याला दिलेला शब्द पाळावा लागतो, हे दुसरं. शरणागतीचं बटण बहुतेक गेममध्ये नसतं, असलं तरी ते दाबणारा हरतो आणि विषय संपतो. खऱ्या युद्धात अर्धी बुद्धी तिथेच लागते.

त्यानंतर काय उरलं तेही बघा. चर्चच्या घंटा देवळांत गेल्या. मेणवलीला आणि भीमाशंकरला त्या आजही दिसतात. मुंबईच्या इंग्रजांनी धसका घेतला आणि आपल्या कोटाभोवती खंदक खणायला घेतला, त्यासाठी व्यापाऱ्यांकडून वर्गणीही जमवली. वांद्र्याचा किल्ला मराठ्यांच्या हाती पडू नये म्हणून उडवून दिला गेला. आणि चिमाजीअप्पा? गेममध्ये जिंकल्यावर हेल्थ फुल होते. ते विजयानंतर दोन वर्षांच्या आतच, 17 डिसेंबर 1740 ला, आजारपणात गेले. बाजीराव त्याच्याही आधी, त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये. पस्तीस वर्षांनी, डिसेंबर 1774 मध्ये, इंग्रजांनी ठाणं आणि साष्टी मराठ्यांकडून घेतली.

साष्टीतले आणि वसईतले लोक मात्र इथेच होते. कोळीवाडे, ईस्ट इंडियन गावठाणं, भाताची खाचरं, मिठागरं. राज्य तीनदा बदललं, सारा मागणाऱ्याची भाषा तीनदा बदलली. एम्पायर: टोटल वॉर या 2009 च्या गेममध्ये मराठे निवडून खेळता येतं. त्यात प्रांत जिंकला की त्याचा रंग बदलतो. वेसाव्यातल्या होडीचा रंग त्या दिवशी बदलला नव्हता, पण ती होडी कोणाच्या तोफा वाहणार हे बदललं होतं.

मग आपण काय करायचं?

गेम खोटे आहेत म्हणून सोडा, असं मी सांगत नाही. मीही खेळते. तीन मिनिटांत किल्ला पडायलाच हवा, तीन महिने कोण खेळेल! मॉडेल सोपं असतं म्हणूनच ते चालतं. घर्षण शून्य धरून आपण बारावीचे पेपर दिलेच ना. फक्त प्रयोगशाळेत गेल्यावर घर्षण शून्य नाही हे माहीत असावं लागतं.

तर एक गृहपाठ. तुमच्या आवडीचा एक गेम घ्या आणि एका कागदावर तीन रकाने आखा. पहिल्यात गेमनं काय ठेवलं, दुसऱ्यात काय टाकलं, तिसऱ्यात जे टाकलं त्याचा पुरावा कुठे मिळेल. उदाहरणार्थ: टाकलं काय, चारा; पुरावा कुठे, मोहिमेच्या जमाखर्चात. टाकलं काय, बेलदार. पुरावा कुठे, कदाचित मजुरीच्या नोंदीत. तिसरा रकाना भरताना अडाल, आणि जिथे अडाल तिथे बहुधा चांगला संशोधनप्रश्न असतो. मग तोच कागद स्वतःच्या विषयाला लावा, तुमचा विषय बॅक्टेरिया असो, बॅटरी असो की बखर. मार्गदर्शकांना पहिल्या भेटीत दाखवायला मोठ्या प्रस्तावापेक्षा हे एक पान जास्त उपयोगी पडतं.

आणि सुट्टीच्या दिवशी वसईच्या किल्ल्यात जाऊन या. पाण्याची बाटली बरोबर घ्या. तटावर सावली नाही. उत्तरेच्या बाजूला उभं राहून खाली बघा आणि तिथून वर चढायचं कसं, याचा विचार करा.